एकतीस नापासांची यादी

संजना पगारे यांच्या चाचणीच्या नोंदवह्या एकूण चौदा आहेत. पहिली जून २०१५ची, शेवटची मार्च २०२४ची. सगळ्या दोनशे पानी, आखीव, निळ्या पुठ्ठ्याच्या. पहिल्या तेरा वह्यांच्या समासात तारखेखेरीज काही नाही. चौदाव्या वहीत मात्र ऑगस्ट २०२३पासून समासात बारीक अक्षरातल्या वेगळ्याच नोंदी सुरू होतात: "कुं. १०.२२." "कुं. १०.३५, हेडफोन." "कुं. सरांबरोबर चहा, ४० मि." अशा नोंदी मी मोजल्या तेव्हा त्रेसष्ट भरल्या. कुंदन बोरस्ते हा सहकारी कचेरीत किती वाजता आला, कोणाशी किती वेळ बोलला, याचा संगणकावरील चाचण्यांशी काहीही संबंध नव्हता. वह्या माझ्या हाती देताना संजना यांनी ही पाने फाडली नाहीत, खोडलीही नाहीत.

"असू द्या," त्या म्हणाल्या. "तेही खरंच आहे."

नाशिकमधील छोट्या सॉफ्टवेअर कचेऱ्यांत काम करणाऱ्या माणसांचे कागद जमवताना मला या वह्या मिळाल्या. पुढील हकीकत वह्या, कचेरीतील ईमेल आणि संबंधितांच्या मुलाखती यांवरून लिहिली आहे. जिथे एक साधन दुसऱ्याशी जुळत नाही, तिथे तसे नमूद केले आहे.

संजना यांचा जन्म १९८७चा. वडील धोंडीराम पगारे एका शाळेत लिपिक होते. परीक्षांचे गठ्ठे बांधणे, बैठक क्रमांक लावणे, गुणपत्रके पडताळणे ही त्यांची आयुष्यभराची कामे. घर नाशिकरोडच्या एका वसाहतीत. घरातील शिकवण एवढीच, की दिलेले काम दोनदा तपासून द्यायचे. आपल्या माणसाची चूक त्याच्या एकट्याची धरली जात नाही, साऱ्या वस्तीची धरली जाते. संजना यांनी आधी पदविका घेतली, मग नोकरी करत अभियांत्रिकीची पदवी पूर्ण केली, आणि २०१५मध्ये सोमनाथ सरांच्या कंपनीत चाचणी-अभियंता म्हणून लागल्या.

ही कंपनी कम्पायलर बनवते. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या चिपला कळेल अशा आज्ञांत बदलणारे जे सॉफ्टवेअर, तो कम्पायलर. त्याच्या सोबत एक लायब्ररी जाते: अपूर्णांक गोल करणे, वेळ मोजणे, आकडा अक्षरांत उतरवणे अशी वारंवार लागणारी कामे तिच्यात आधीच लिहून ठेवलेली असतात. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतील काही कारखान्यांची यंत्रे यावर चालतात. लायब्ररीने एखादा दशांश चुकीचा गोल केला, तर भट्टीचे तापमान पडद्यावर चुकीचे दिसेल. म्हणून चाचण्या.

संजना यांनी नऊ वर्षांत चार हजार एकशे ऐंशी छोटे प्रोग्रॅम लिहिले. प्रत्येकाचे बरोबर उत्तर एका फाइलमध्ये. एक स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने पाळायच्या आज्ञांची फाइल, रोज हे सारे प्रोग्रॅम कम्पायलरकडून तयार करून घेऊन चालवी, आलेले उत्तर बरोबर उत्तराशी ताडून पाही आणि निकाल मांडी. चाचण्यांच्या या संचाला कचेरीत 'सूट' म्हणत. सूट चाले तो दुपारी सव्वा वाजता, कारण जेवणाच्या सुट्टीत सर्व्हर मोकळा असे. डबे संपत येईतो निकाल फोनवर येई आणि टेबलावर बसल्याबसल्या संजना तो वाचून दाखवत: "चार हजार एकशे ऐंशी. फेल एकतीस. सगळे ओळखीचे." मग लोक पुन्हा जेवायला लागत.

'ओळखीचे' म्हणजे ज्या चाचण्या नापास होणारच हे ठाऊक होते त्या. लायब्ररीतील ते दोष कोणी दुरुस्त केले नव्हते, म्हणून त्या चाचण्या एका निराळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या होत्या. प्रत्येक दोषापुढे संजना यांनी कारण लिहिलेले होते. हे दोष आपण स्वतः दुरुस्त करावेत, असे त्यांना फार वाटे. २०२०च्या नोव्हेंबरात त्यांनी सरांना तसा ईमेल पाठवला: चाचणीबरोबर लायब्ररी लिहिण्याचे थोडे काम मला द्यावे. सरांचे उत्तर एका ओळीचे आहे: "बघू. पण टेस्ट तू सोडलीस तर बघणार कोण?"

त्यानंतर अडीच वर्षांनी कुंदन आला. सत्तावीस वर्षांचा, दिंडोरीकडचा, घरची द्राक्षबाग, पुण्यात चार वर्षे नोकरी करून परतलेला. पहिल्याच आठवड्यात त्याला लायब्ररी मिळाली.

संजना यांना त्याचे नेमके काय खुपले, हे मी तीनदा विचारले आणि तीनदा वेगळे उत्तर मिळाले. एकदा त्या म्हणाल्या, सर मला केबिनमध्ये बोलावतात आणि त्याच्या टेबलाशी स्वतः जातात. दुसऱ्यांदा म्हणाल्या, तो काम करताना गुणगुणतो. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "त्याला 'माहीत नाही' म्हणता येतं. मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर. 'मला नाही माहीत, बघून सांगतो.' आणि लोकांना ते आवडतं. मी असं एकदा म्हटलं असतं ना, तर दुसऱ्या दिवशी माझ्या जागी दुसरी असती." शेवटच्या वाक्याला कागदोपत्री आधार नाही. परंतु नऊ वर्षांच्या ईमेलमध्ये 'मला माहीत नाही' असे त्यांनी एकदाही लिहिलेले नाही, हे मी पाहिले आहे.

गुरुवार, ८ फेब्रुवारी २०२४. सोमवारी नवी आवृत्ती सिन्नरच्या ग्राहकाला जायची होती. कुंदनने तीन आठवडे खपून आकडे गोल करण्याचा सारा भाग नव्याने लिहिला होता. टेबलावर चौघे होते: सोमनाथ सर, कुंदन, ग्राहकांचे फोन घेणारी तृप्ती आणि संजना. फोन वाजला. संजना यांनी निकाल उघडला आणि वाचला नाही.

"काय गं ताई? लय फेल का?" तृप्तीने विचारले.

"फेल शून्य," संजना म्हणाल्या. "अनपेक्षित पास, एकतीस."

"एकतीसच्या एकतीस?" सरांनी घास खाली ठेवला. "अरे, सहा-सहा वर्षं छळलंय या कार्ट्यांनी! कुंदन, काय जादू केलीस?"

"नाही सर, मला तर पंधरा-वीस होतील वाटलं होतं," कुंदन म्हणाला. "सगळे कसे झाले कळेना."

"होतात रे. मुळात हात घातला की फांद्या आपोआप सरळ होतात. संजना, तुझी ती यादी आता फ्रेम करून भिंतीला लाव. हार मी आणतो."

तृप्ती हसली. संजनाही हसल्या, असे तृप्ती सांगते. संजना म्हणतात, त्या हसल्या नव्हत्या.

हात धुताना सरांनी पुढचे सांगून टाकले. "एक मार्चपासून लायब्ररी आणि सूट दोन्ही कुंदनकडे. एकाच माणसाकडे असलं की कसं सुटसुटीत. संजना, त्याच्या हाताखाली नाही म्हणत मी. त्याच्याबरोबर."

सूट जाणार, हे आता नक्की झाले. चार हजार एकशे ऐंशी प्रोग्रॅम, चौदा वह्या, आणि कचेरीतील एवढी एकच गोष्ट जिला सारे 'संजनाचा सूट' म्हणत.

त्या दुपारी जागेवर जाऊन त्यांनी एकतीस जणांची यादी वरून खाली वाचली, आणि पहिल्याच ओळीवर थांबल्या. चाचणी क्रमांक एक. ही चाचणी लायब्ररीसाठी नव्हतीच. सूट उभारताना पहिल्या दिवशी त्यांनी ती मुद्दाम खोटी लिहिली होती: प्रोग्रॅम दोन आणि दोनची बेरीज करतो, आणि 'बरोबर उत्तर' म्हणून फाइलमध्ये पाच ठेवलेले आहेत. ती कायम नापास व्हायला हवी. नापास झाली, तरच सूटला नापास ओळखता येते हे सिद्ध होते. कुंदनने लायब्ररीत काहीही केले असते, तरी दोन अधिक दोन पाच होणार नव्हते.

वहीत २.१० ही वेळ आहे आणि पुढे: "क्र. १ पास!!" चौदा वह्यांत उद्गारचिन्ह फक्त इथेच आढळते, आणि तेही दोनदा.

हे आनंदाचे चिन्ह आहे का, असे मी विचारले.

"हो," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, त्याने सूटमध्ये हात घातलाय. निकाल फिरवलाय. मला इतकं बरं वाटलं, की मी जिना उतरून खाली गेले आणि एकटीने चहा घेतला."

त्या दिवशी त्यांनी कोणालाही काही सांगितले नाही. आधी खात्री करायची होती, हे त्यांचे म्हणणे. वहीप्रमाणे खात्री शुक्रवारी सकाळी अकरा वाजता झाली. सांगितले गेले ते शनिवारी. मधल्या दिवसाचा हिशेब खात्रीने भरून निघत नाही.

शुक्रवारी सकाळी त्यांनी क्रमांक एकचा प्रोग्रॅम सूटबाहेर, स्वतःच्या हाताने चालवून पाहिला. तो सुरूच झाला नाही. पडद्यावर एक ओळ आली: लायब्ररी सापडत नाही. बेरजेचे उत्तर छापायलाही लायब्ररी लागतेच. उलगडा सोपा होता. मंगळवारी कुंदनने लायब्ररी जुन्या फोल्डरमधून नव्या फोल्डरमध्ये हलवली होती. मुख्य चाचण्यांना त्याने नवा पत्ता दिला होता. ओळखीच्या नापासांचे फोल्डर मात्र स्वतःच्या जुन्या स्क्रिप्टने चाले, आणि तिला पत्ता द्यायचा राहून गेला होता. त्यामुळे एकतीसपैकी एकही प्रोग्रॅम मंगळवारपासून चाललाच नव्हता. गुरुवारपर्यंत कळले नाही, कारण मधले दोन दिवस नव्या लायब्ररीसाठी सूट बंद ठेवला होता.

११.२५ला त्यांनी सरांना ईमेल लिहायला घेतला. तो मसुदा जपून ठेवलेला आहे: "कुंदन यांनी लायब्ररीचे स्थान बदलताना आवश्यक दुरुस्ती केली नाही. परिणामी एकतीस चाचण्या चालल्याच नाहीत. गुरुवारचा निकाल ग्राह्य धरू नये. सूटची जबाबदारी सोपवण्याबाबत फेरविचार व्हावा, ही विनंती." यातील एकही वाक्य असत्य नाही. पाठवण्यापूर्वी सवयीने त्यांनी तो दुसऱ्यांदा वाचला, आणि दुसऱ्या वाक्यावर त्यांना एक प्रश्न पडला. प्रोग्रॅम चालले नाहीत, तर उत्तरे कोठून आली? उत्तरच नसेल तर चाचणी नापास व्हायला हवी.

त्यांनी सूटची मूळ स्क्रिप्ट उघडली. ती त्यांचीच होती. एकशे बाराव्या ओळीशी त्यांना आद्याक्षरे दिसली, 'सं. धों. प.', आणि तारीख: सप्टेंबर २०१७.

त्या वेळी कचेरी सातपूरच्या एका गाळ्यात होती. तिथे शनिवारी देखभालीसाठी वीज बंद ठेवत. कधी सांगितलेल्या वेळेला, कधी आधीच. सूट मध्येच बंद पडे, उत्तरांच्या फाइली कोऱ्या राहत, आणि वीज परतली की निकालाचा ईमेल जाई: चारशे फेल. अशा एका शनिवारी सर ग्राहकाच्या समोर बसलेले असताना तो ईमेल त्यांच्या फोनवर गेला. सोमवारी त्यांनी सगळ्यांसमोर विचारले होते, "संजना, चारशे फेल? लाइट गेली हे तुझ्या सूटला कळत नाही, मग तुला तरी कळतं का?" त्याच दिवशी त्यांनी एक नियम लिहिला. चाचणी सुरू होण्याआधी उत्तराच्या जागी बरोबर उत्तराची प्रत ठेवून द्यायची. प्रोग्रॅम चालला की खरे उत्तर तिच्यावर लिहिले जाईल. मध्येच वीज गेली, तर प्रत तशीच राहील आणि खोटी बोंब उठणार नाही. त्यानंतर शनिवारी बोंब उठली नाही. आणि न चाललेला प्रत्येक प्रोग्रॅम त्या दिवसापासून पास ठरू लागला.

नियमाशेजारी 'तात्पुरते' असे लिहिलेले आहे. संजना म्हणतात, पुढे त्या विसरल्या. दहाव्या वहीत, २०१९च्या मे महिन्यात, त्यांच्याच अक्षरात पुढील नोंद आहे: "इन्व्हर्टर आला. ११२ काढणे." केलेल्या कामापुढे त्या नेहमी बरोबरची खूण करीत. इथे खूण नाही. 

शुक्रवारी दुपारी त्यांनी जुने सारे निकाल काढून तपासले. न चालता पास ठरलेल्या चाचण्या २०१८मधील तीन शनिवारी सापडल्या. प्रत्येक वेळी सोमवारी त्या खऱ्याखुऱ्या चालल्या आणि पास झाल्या होत्या. म्हणजे ग्राहकाकडे चुकीचे काही गेले नव्हते. या शोधात त्या गढल्या असताना कुंदन टेबलाशी आला. हातात द्राक्षांची पेटी होती.

"ताई, घ्या ना. आमच्या मळ्यातली. धुतलेली आहेत."

"मला आंबट सोसत नाही."

"आंबट नाहीत ओ! वडिलांनी स्वतः निवडून दिलीत. एक तरी खा."

"ठेव तिथं."

त्याने घोस ठेवला आणि रेंगाळला. "ताई, एक विचारू? त्या एकतीसमध्ये एक नंबरची टेस्ट कसली आहे? मी यादी बघत होतो. तिच्यात गोल करायचं काहीच नाही. मग ती माझ्यामुळे पास कशी होईल?"

संजना यांनी पडद्यावरची खिडकी मिटली. "जुनी आहे ती."

"हां. म्हणजे बघायला नको?"

"मी बघतेय."

"मग झालं. तुम्ही बघताय म्हटल्यावर काय." आणि तो गुणगुणत निघून गेला.

हा संवाद दोघांनीही मला जवळजवळ सारख्याच शब्दांत सांगितला. कुंदनला त्यात काही विशेष वाटले नव्हते. संजना यांना त्यातले 'मग झालं' अजून ऐकू येते.

संध्याकाळी घरी त्यांनी वडिलांना सांगितले. संगणकातील काही कळत नसले, तरी पडताळणी धोंडीरामांना कळते.

"थांब संजू. म्हणजे परीक्षेच्या आधीच प्रत्येक पोराच्या बाकावर बरोबर उत्तरांचा पेपर ठेवला?"

"हो."

"पोरगं आलं तर तो खोडून स्वतःचा लिहिणार. नाही आलं तर तोच तपासायचा?"

"हो, पप्पा."

"आरं देवा. आणि हे कोणी केलं?"

"मी."

धोंडीरामांनी टीव्हीचा आवाज बारीक केला. "आणि तो दिंडोरीचा?"

"त्याने वर्गाचा पत्ता बदलला आणि पोरांना सांगितलं नाही. म्हणून सगळी गैरहजर."

"मग त्याचं सांग की. त्याचं खरं आहे ना? तुझं तू गुपचूप काढून टाक. एकदा आपलं निघालं की मग निघतच राहतं, बघितलंय मी."

"काय शिकवताय पोरीला?" आतून आई, चांगुणाबाई, म्हणाल्या.

"तू गप. तुला ऑफिस माहीत नाही."

"ऑफिस नाय माहीत. चहा गार झालाय, ते माहीत आहे. हे दोघं बापलेक चुका काढायला बसले की घरात दुसरं माणूस उरतच नाही."

संजना यांनी काय ठरवले आणि का, याबाबत मी सावध आहे. प्रामाणिकपणा हे कारण त्यांनी स्वतः एकदाही दिलेले नाही. स्क्रिप्टमधील प्रत्येक बदल नाव आणि तारखेसह नोंदला जातो. एकशे बारावी ओळ गुपचूप काढणे मुळातच शक्य नव्हते, हे एक कारण. परंतु सरांनी ती नोंद कधी उघडून पाहिली नसती, हेही त्यांना ठाऊक होते. मी हे मांडले तेव्हा त्यांनी दुसरे कारण सांगितले, आणि ते मला अधिक खरे वाटते.

"एक मार्चनंतर सूट त्याच्याकडे जाणार. तो पहिल्याच आठवड्यात ती ओळ वाचणार. आणि मग टेबलावर, डबा खाताखाता, हसत म्हणणार, 'ताई, हे काय केलंय हो तुम्ही?' माझी चूक त्याने काढायची? मीच काढीन म्हटलं. निदान ती तरी माझी राहील."

शनिवारी सकाळी दहा वाजता दोन पानी अहवाल सरांच्या टेबलावर होता. एक प्रत कुंदनसाठी. मसुद्यातील शेवटची विनंती त्यात नाही. पहिल्या पानावर संजना यांचा नियम, तारखेसह, आणि २०१९ची नोंदही. दुसऱ्या पानावर कुंदनकडून द्यायचा राहिलेला लायब्ररीचा पत्ता. तपासलेल्या जुन्या निकालांचा तक्ता सोबत.

सरांनी वाचून चष्मा काढला. "सोमवारी पाठवणार होतो मी हे! सिन्नरची माणसं मशीन बंद करून वाट बघणार होती. संजना, हे सात वर्षं असंच चाललंय?"

"साडेसहा, सर."

"साडेसहा! बरं झालं, सहा महिने वाचले."

कुंदन अजून वाचत होता. मग त्याने कपाळाला हात लावला आणि चक्क हसला. "अरे बापरे. त्या फोल्डरची स्क्रिप्ट वेगळी आहे हे मला माहीतच नव्हतं. माझीच चूक आहे सर, विचारायला हवं होतं मी. पाच मिनिटांत करतो."

संजना या क्षणाबद्दल सर्वांत जास्त बोलल्या. त्यांना एक दिवस आणि एक रात्र लागली होती. त्याला दोन वाक्ये. तो लाल झाला नाही, त्याने खाली पाहिले नाही, कोणी त्याच्याकडे निराळ्या नजरेने पाहिले नाही. लायब्ररी, सरांशी चहा, द्राक्षबाग, हे सारे एका बाजूला ठेवून त्यांना त्या घडीला फक्त ते दोन वाक्यांत सुटणे हवे होते. "पोट जळतं म्हणतात ना," त्या म्हणाल्या, "ते खरंच इथं कळतं," आणि त्यांनी बरगडीखाली हात ठेवून दाखवला.

कुंदनने त्या स्क्रिप्टला नवा पत्ता दिला. संजना यांनी एकशे बारावी ओळ स्वतःच्या नावाने काढली, आणि प्रोग्रॅम न चालल्यास चाचणी नापास, असा साधा नियम तिच्या जागी घातला. अकरा वाजता सूट पुन्हा चालवला. एकतीसपैकी बावीस पास, नऊ फेल. दोन अधिक दोन पाच पुन्हा नापास. म्हणजे कुंदनच्या कामाने बावीस जुने दोष खरोखरच गेले होते; काम उत्तम होते. हा निकाल संजना यांनी वहीत उतरवला, त्यातील 'बावीस' हा आकडा कागदाला खोच पडेल इतका दाबून लिहिला आहे.

आवृत्ती गुरुवारपर्यंत पुढे ढकलायची ठरली. सिन्नरला तृप्तीने फोन केला. सर केबिनकडे वळणार, तेवढ्यात कुंदन म्हणाला, "सर, सूट ताईंकडेच राहू द्या. ही एक नंबरची टेस्ट मला डोळ्यासमोर असून कळली नव्हती. हे माझं काम नाही."

सरांनी संजनाकडे पाहिले. "बघ, तोच म्हणतोय. मग राहू दे तुझ्याकडे. झालं?"

दोन दिवस जे हवे होते ते मिळाले होते. वर्षानुवर्षे स्वतःचे असलेले, आणि आता कुंदनने मागून दिलेले.

"नको," संजना म्हणाल्या. "सूट त्याला द्या. मला उरलेले आठ द्या."

"कसले आठ?"

"नऊ फेल आहेत. त्यातला एक मुद्दाम आहे. आठ दोष लायब्ररीत आहेत. ते मी लिहिते. कोड मी लिहिते, तपासू दे त्याला."

"अगं, पण तू टेस्टची..." सरांनी मान हलवली. "बघू."

"वीसच्या नोव्हेंबरमध्ये पण बघू म्हणाला होतात, सर. ईमेल आहे माझ्याकडे. दाखवू?"

सरांनी कुंदनकडे पाहिले. संजना यांनी ते पाहणे पाहिले, आणि पुन्हा म्हणाल्या, "त्याला नका विचारू. मला सांगा."

"बरं," सर म्हणाले. "आठ तुझे. पण सूट तू त्याला नीट समजावून द्यायचास. ओळ न् ओळ."

"एकशे बारापासून सुरू करू," संजना म्हणाल्या. कुंदन एकटाच हसला.

आठांपैकी पहिला दोष त्यांनी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात दुरुस्त केला. अकरा ओळींचा बदल. मंगळवारी दुपारी तीन वाजता कुंदनचा ईमेल आला: "ताई, तुमचा दोष गेला, अभिनंदन. पण त्यामुळे दोन नवीन फेल आहेत. निकालाचा लॉग जोडला आहे."

संजना यांनी आधी कोडकडे पाहिले नाही. त्यांनी कुंदनचा सूट तपासला. त्याने काही बदलले आहे का, पत्ता बरोबर आहे का, प्रोग्रॅम खरेच चालले का, हे सर्व त्यांनी दीड तास एकेक करून पाहिले. मी वेळा जुळवून पाहिल्या. दीड तास हा आकडा बरोबर आहे. काहीही चुकलेले नव्हते. मग त्यांनी आपल्या अकरा ओळी उघडल्या. चौथ्या ओळीत ऋण आकड्यांचा विचार केलेला नव्हता.

त्या उठून त्याच्या टेबलाशी गेल्या. त्याने हेडफोन काढले.

"माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. "निगेटिव्ह विसरले."

"होतं ओ ताई. उद्यापर्यंत होईल?"

"आज होईल."

"बरं." त्याने हेडफोन पुन्हा चढवले. एवढेच घडले. खोलीत कोणी मान वर करून पाहिले नाही.

हलके वाटले का, असे मी विचारले.

"नाही," त्या म्हणाल्या. "तो बरोबर होता, ते मला आवडलं नाही. अजूनही आवडत नाही. पण मी दोष दुरुस्त करून सहा वाजायच्या आत पाठवला, आणि त्याने पास म्हणून कळवलं. आता सात राहिलेत."